पहिला हात

दुलीचंदनं हॉकीची काठी चैतरामच्या खांद्यावर हाणली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.

टाळीमागोमाग हशा पिकला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मानसशास्त्राचा वर्ग बाकांवर पुढं सरसावून बसला होता. दुलीचंदबरोबर आलेल्या दोघांनी चैतरामचे दंड धरून त्याला फळ्याशी उभा केला. काठी दुसऱ्यांदा फिरली ती त्याच्या पोटात. तो वाकला, त्याचा श्वास एकदम बाहेर पडला, आणि खिडकीजवळचा एक जण ओरडला, "वा रे पठ्ठ्या! क्या एक्टिंग है!"

पहिल्या बाकावर शीला पेन उघडून बसली होती. डोळ्यांत तेल घालून ती पाहत होती आणि भराभर मनाशी टिपत होती. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. काठी उजव्या हातात. बरोबरच्या दोघांपैकी ठेंगण्याच्या गळ्यात लाल गमछा. या खेपेला एकही गोष्ट चुकू द्यायची नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

कारण मागच्या खेपेला ती सपशेल चुकली होती.

ते पोळ्याच्या आधीचं. खानझोडे सर नागपूरहून नवेच आले होते, आणि नव्या मास्तराला असते तशी त्यांना पुस्तकातलं सगळं करून दाखवायची भारी हौस होती. एक दिवस तास चालू असताना दुसऱ्या वर्गातला दुलीचंद दार ढकलून आत आला. त्यानं चैतरामच्या हातातलं पुस्तक हिसकावलं, त्याच्या थोबाडीत दिली, काहीबाही ओरडला आणि आला तसा निघून गेला. पोरी किंचाळल्या. सर मात्र दाराशी घड्याळात पाहत शांत उभे होते. घाबरू नका, हा प्रयोग होता, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना कागद घ्यायला सांगितलं. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहा. शर्टाचा रंग कोणता, कोण काय बोललं, आणि पहिला हात कुणी उचलला.

सरांनी दोघांना आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. चैतरामनं काहीएक करायचं नव्हतं. हात खाली सोडून उभं राहायचं, एवढंच. आणि तो अगदी तसाच उभा राहिला होता.

सरांनी कागद वर्गातच वाचून दाखवले. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं की पहिला हात चैतरामनं उचलला. शीलानंही. सर इतके खूश झाले की लिहिता लिहिता त्यांच्या हातातला खडू मोडला. माणूस डोळ्यांनी कमी पाहतो आणि अपेक्षेनं जास्त पाहतो, असं त्यांनी फळ्यावर हिंदीत लिहिलं. ही अपेक्षा चैतरामच्याच बाबतीत सगळ्यांची एकसारखी कशी काय निघाली, हे त्यांनी विचारलं नाही. वर्गानंही विचारलं नाही. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, मग विचारायचं कशाला?

चैतराम राजेगावच्या बौद्ध मोहल्ल्यातला. शीला त्याच गावच्या तेजराम कास्तकाराची मुलगी. दोघं एकाच बसनं बालाघाटला यायची, ती पुढं बायकांच्या सीटवर आणि तो मागं दांडा धरून. गावात बोलणं नव्हतं. कॉलेजात मात्र प्रॅक्टिकलच्या जोड्या हजेरीच्या क्रमानं लावलेल्या, त्यामुळं ती स्टॉपवॉच धरून बसायची आणि तो आरशात पाहून चांदणीचं चित्र गिरवायचा. आरशात सगळं उलटं दिसतं, भल्याभल्यांची पेन्सिल रेघ सोडून पळते. त्याची क्वचितच पळायची. हे तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं.

त्या प्रयोगाच्या दिवशी बसस्टँडवर तो पहिल्यांदाच तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता.

"तुमी बी तेच लिहिलं?"

शीला चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्याचाच राग आला. बस आली तशी ती चढून पुढं बसली.

म्हणून आज दुलीचंद पुन्हा वर्गात शिरला तेव्हा पोरं आधी हसलीच. तोच दुलीचंद, तोच चैतराम, तीच खोली. सरांचं परत काहीतरी चाललंय, असं एकमेकांना कोपरानं ढोसून झालं. शीला कंपासपेटीतून पेन काढत होती. टोपण घट्ट बसलं होतं. तिनं मान वर केली तेव्हा दुलीचंदची मूठ चैतरामच्या कॉलरवर होती आणि मग काठी फिरायला लागली.

तिसरा फटका मनगटावर बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि चैतराम गुरासारखा ओरडला. त्या ओरडण्यानं एक-दोन जण हसायचे थांबले. गमछावाल्यानं त्याचे केस धरून डोकं फळ्याच्या कडेवर आपटलं, मग परत आपटलं. तोंडातून दात पडला. भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. शीलाच्या मनात आलं, हे लाल पाणी सरांनी कुठून आणलं असेल? आणि सरांचा चेहरा पाहावा म्हणून तिनं दाराकडे पाहिलं.

दारात कुणीच नव्हतं.

ती ताडकन उभी राहिली.

"सर नाहीत!" ती ओरडली. "अरे, सर नाहीत इथं! खरंच मारून राह्यले त्याले!"

हशा मधेच थांबला. सगळा वर्ग गप्प झाला, आणि त्या गप्प वर्गासमोर दुलीचंदनं चैतरामला आणखी मारलं. तो आता खाली पडला होता. काठी बरगड्यांवर पडली, मांडीवर पडली, तोंड झाकायला घेतलेल्या त्या मोडक्या हातावर पडली. एक फटका जबड्यावर बसला. हे फटके सगळ्यांनी खरे म्हणून पाहिले आणि तरी कुणी जागचं हललं नाही. शीलाही जिथं उभी राहिली होती तिथंच उभी होती. पुढं जायला हवं हे तिला कळत होतं, पण पाय उचलत नव्हते. तिला स्वतःची किळस आली.

दमल्यावर दुलीचंदनं काठी टाकून दिली. बाहीनं तोंड पुसलं आणि वर्गाकडे वळून तो म्हणाला, "लिहा आता. काय लिहायचं ते लिहा."

मारण्याचं कारण कुणापासून लपलेलं नव्हतं. धानाच्या मिलवाल्याचा बाबूलाल छात्रसंघाच्या अध्यक्षपदावर बिनविरोध निवडून येणार होता. जेवणावळीचा बेतसुद्धा ठरून गेला होता. आणि अगदी शेवटच्या दिवशी चैतरामनं फॉर्म भरला. त्या वर्षी भोपाळात आमदार या बाकावरून त्या बाकावर गेले होते आणि सरकार कोसळलं होतं, त्यामुळं राज्यशास्त्राचा तास सगळ्यांना करमणुकीचा वाटायचा. मतदाराचा हक्क, उमेदवाराचा हक्क वगैरे खरं मानून मन लावून ऐकणारा चैतराम एकटाच असावा. बाबूलालच्या माणसांनी त्याला चहाच्या टपरीवर समजावलं, सायकल स्टँडवर धमकावलं. तो बधला नाही. दुलीचंद हा बाबूलालचा उजवा हात.

प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. तीत ते स्वतः, राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि खानझोडे सर. कॉलेजचा नियम सरळ होता. मारामारीत ज्यानं पहिला हात उचलला त्याचं नाव कायमचं कटणार, आणि मग विद्यापीठातल्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजाचं दारही त्याला उघडणार नाही. बाकीच्यांना नुसती समज. हाडं कुणाची किती मोडली, हे नियमात कुठं बसत नव्हतं.

दुलीचंद छातीवर हात ठेवून सांगत होता की पहिले चैतरामनं मारलं, मी तर नुसता बोलायला गेलो होतो. चैतराम सरकारी दवाखान्यात होता. त्याचा जबडा बांधलेला, त्याला बोलता येत नव्हतं. म्हणजे सगळा भार वर्गावर आला. आणि वर्गानं मागच्या प्रयोगात असं हसं करून घेतलं होतं की आता कुणी तोंड उघडेना. "नाटक समझे, सर. ध्यान नहीं दिया," एकामागून एक सगळे हेच बोलून गेले. काहींना बाबूलालची भीती होती, काहींना पुन्हा चुकण्याची. बोलणं मात्र एकच.

शीलाची पाळी यायची होती. त्याआधीच राजेगावात तेजरामच्या कानावर गोष्ट गेली. जेवताना तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुले काही दिसलं नाही. समजलं? बाकीची पोरं काय येडी आहेत?"

"मले दिसलं, बाबा."

"काय दिसलं?"

शीलानं ताटातला भात बोटानं सारखा केला. त्या दिवसापासून तो प्रसंग तिनं मनाशी इतक्यांदा उगाळला होता की आता तिला सगळं लख्ख दिसत होतं. दुलीचंद आत येतो, दोन पावलं पुढं टाकतो आणि हात उचलतो. चैतरामचे हात खाली सुटलेले आहेत.

"दुलीचंदनं पहिले मारलं."

तिची आई विमलाबाई वरण वाढायला आली होती. पळी तिच्या हातातच राहिली. "आन् हे तू साऱ्याईसमोर सांगशीन? त्या पोरासाठी? गावात लोकं काय काय बोलतीन, माहीत आहे काय तुले?"

"बोलू दे."

तेजराम ताटावरून उठला आणि त्यानं भरलेला तांब्या उचलून फेकला. तो शीलाच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला आणि पाणी चुलीपर्यंत गेलं. विमलाबाईनं घाबरून मुलीचं डोकं पोटाशी धरलं. सकाळी बसच्या वेळी तेजराम ओसरीवर बसून होता. त्यानं तिला अडवलं नाही.

प्राचार्य जबलपूरचे. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"देखो बेटी, बाकी सब छोड़ो. पहले हाथ किसने उठाया?"

"दुलीचंद ने, सर."

राज्यशास्त्राचे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "पिछली बार तो आपने उल्टा लिखा था."

शीलाचे कान तापले. "हौ सर. पिछली बार गलत देखा था."

खानझोडे सर इतका वेळ खाली मान घालून बसले होते. त्यांचा प्रयोग त्यांच्याच अंगाशी आला होता आणि हे दिवस त्यांनी कसे काढले ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण शीलाचं उत्तर ऐकून ते एकदम पुढं सरकले. आपला विषय आला की त्यांच्या आवाजात जोर यायचा. मागच्या वेळी सगळ्या वर्गाला चैतरामच पहिला मारताना दिसला होता आणि सगळा वर्ग चुकला होता, हे त्यांनी बाकीच्या दोघांना समजावून सांगितलं. दुलीचंदचं आजचं म्हणणं म्हणजे तीच जुनी चूक. ही मुलगी त्या चुकीतून शिकली, म्हणून हिनं खरं पाहिलं.

"मैं तो इसी गवाही को प्रमाण मानूँगा," ते म्हणाले.

प्राचार्यांनी मान डोलावली. सोमवारी दुलीचंदला समोर उभं करून शीलाची जबानी पक्की करायची आणि निकाल देऊन टाकायचा, असं ठरलं.

शीला तिथून थेट दवाखान्यात गेली. तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं. पुरुषांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेशी चैतरामची आई रुख्माबाई खाली बसून पेज ढवळत होती. त्याच दिवशी जबड्याची पट्टी सैल केली होती. चैतरामचा एक डोळा अजून बंद होता, चेहऱ्याची डावी बाजू काळीनिळी पडली होती आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. शीलाला पाहून रुख्माबाई गडबडली. "बस माय, बस," म्हणाली आणि तांब्या घेऊन नळाकडे गेली.

"मी सांगून आली," शीला घाईघाईनं म्हणाली. "दुलीचंदनं पहिले मारलं म्हणून. सरनं बी मानलं. तुयं नाव नाही कटत आता."

चैतराम छताकडे पाहत राहिला. बोलताना ओठ फाटत होते, त्यामुळं एकेक शब्द वेगळा निघाला.

"पहिले मीच मारलो."

त्याला ताप असावा असं तिला वाटलं. "काय बोलून राह्यला तू?"

"त्यानं हात बी नाही लावला मले. फारम वापस घे, एवढंच म्हटलं. शिवी बी नाही देल्ली. मी त्याच्या कानाखाली ठेवून देल्ली. मंग त्यानं कॉलर धरली."

कॉलर तिनं पाहिली होती. कॉलरच्या आधी काय होतं? कंपासपेटी होती, पेन होतं, पेनाचं घट्ट बसलेलं टोपण होतं. दुलीचंदची दोन पावलं, उचललेला हात, चैतरामचे खाली सुटलेले हात, यातलं काहीही तिनं त्या दिवशी पाहिलेलं नव्हतं. आणि तरी ते अजूनही तिला लख्ख दिसत होतं. तिनं खाटेचा दांडा धरला.

"काहून मारलं?"

तो हसायला गेला आणि कळवळला.

"मागच्या खेपेले हात खाली सोडून उभा होतो. सरनं सांगितलं तसा. तरी साऱ्यांनी लिहिलं, यानंच मारलं. म्हटलं, लिहूनच ठेवलं आहे तं एकदा मारून तरी पाहावं."

शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला दिसू नये म्हणून तिनं मान फिरवली.

"सोमवारी खरं काय ते सांगून दे," तो म्हणाला. आजवर तो तिला तुमी म्हणत आला होता. "माह्यासाठी खोटं नोको बोलू. मले नाही पाह्यजे तसं."

रुख्माबाई तांब्या भरून आली. मुलगा काय बोलला ते तिला ठाऊक नव्हतं. नळावर कुणीतरी समितीची बातमी तिच्या कानावर घातली होती, आणि तिनं शीलाच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. "शिकल माहा पोरगा," ती म्हणाली. "तू होती म्हणून शिकल."

सोमवारी दुलीचंद टेबलासमोर उभा होता. अंगावर धुतलेला शर्ट, केसांना तेल. प्राचार्यांनी शीलाची जबानी मोठ्यानं वाचली आणि कागद खाली ठेवला.

"बेटी, फिर एक बार सोच लो. किसी की ज़िंदगी का सवाल है. पहले हाथ किसने उठाया?"

शीलानं विचार केला. तिनं खरोखरच केला, आणि तो करायला तिला फार वेळ लागला नाही.

"दुलीचंद ने."

दुलीचंदच्या तोंडचं पाणी पळालं. या खोलीत त्यानं आजवर पुष्कळदा खोटं सांगितलं होतं आणि दर वेळी ते खपलं होतं. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय, हे त्याला नवीनच होतं.

"माँ कसम, सर! उसने मारा! पहले उसने मारा मेरे को, ये देखो, यहाँ, कान पे!" त्याचा आवाज चिरकला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. खानझोडे सर प्राचार्यांकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, की बघा, याला स्वतःलाही अगदी तसंच वाटतंय. असं होतं.

दुलीचंद शीलाकडे वळला. हिंदी सुटली आणि तो घरच्या बोलीवर आला. "तू तं खाली पाहून राह्यली होती! पेन काढून राह्यली होती तू! तुले काय दिसलं? सांग ना, काय पाह्यलं तू?"

तिघेही तिच्याकडे पाहत होते. शीलानं मान वर केली.

"हौ, मी पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "तू थकला, आन् काठी फेकली, तवरी मी पाहून राह्यली होती."

प्राचार्यांनी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं सही केली. सही करताना आपला हात जराही थरथरला नाही, याची तिला भीती वाटली.